दोन उजव्या बाह्या

"उलटा?" धाकटीनं विचारलं. थोरलीनं मशीन थांबवलं, मान वर केली, कागद उलटा केलेला नाही हे नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हो."

कात्री चालली. झालं ते एवढंच, आणि बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसलंही नसतं. दोन बहिणींचं शिवणाचं दुकान, तळमजल्यावरची एकच लांबट खोली, मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनं, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी नमुने, आणि टेबलावर पसरलेलं कुणाच्या तरी कोटाचं तपकिरी चौकटीचं लोकरी कापड. कापड पुरेसं असलं की घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येतात. एक डावी, एक उजवी, डोक्याला ताप नाही. पण गिऱ्हाइकानं हात आखडून आणलं असलं की एकेक बाही वेगळी काढावी लागते. बाहीचा कागद ठेवून पहिली, आणि तोच कागद पालथा घालून दुसरी. पालथा घातला नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात, आणि दोन उजवे हात असलेलं गिऱ्हाईक अजून तरी कुणी पाहिलेलं नाही. म्हणून आईनं दुकान काढलं तेव्हापासूनचा नियम होता. दुसरी बाही कापण्याआधी कापणारीनं "उलटा?" असं विचारायचं, दुसरीनं हातातलं काम सोडून डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच हो म्हणायचं. न बघता हो म्हटलं तर आई लाकडी पट्टी पोटरीवर द्यायची. त्यामुळे या दुकानात "हो" हा शब्द उगाच कुणी तोंडातून काढत नसे. इतक्या वर्षांत थोरलीनं तरी नाहीच.

लोकरीतला कात्रीचा दबका आवाज पुढं पुढं सरकत होता तेव्हाही वेळ होती. "अगं थांब, पालथा घाल," एवढं म्हटलं असतं तर धाकटीनं जीभ चावली असती, कपाळावर हात मारून घेतला असता, आणि दोघी खो खो हसल्या असत्या. थोरली म्हणाली नाही. तिला बघायचं होतं. कापून झाल्यावर ही स्वतःहून ओळखते का, तेवढंच बघायचं होतं, कारण आई ओळखत नसे. आईचं विसरणं सुरू झालं ते असंच, ऐन उमेदीत, केस काळेभोर असताना. एका ब्लाउजच्या दोन डाव्या बाह्या हातात घेऊन ती अर्धी दुपार एक बाही मुंढ्याला लावून बघत होती, सोडत होती, पुन्हा लावून बघत होती, आणि थोरलीनं जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "या गिऱ्हाइकाचा हातच वाकडा आहे." तेव्हा हसायला आलं होतं. पुढं दहा वर्षं कुणी हसलं नाही. आणि आता तीच चूक टेबलाच्या पलीकडं, धाकटीच्या हातून, डोळ्यांदेखत घडत होती, आणि थोरलीच्या छातीत जे काही उसळलं ते दुःख नव्हतं. तिनं ते नीट चाचपून पाहिलं. दुःख नव्हतंच ते. लहानपणी बक्षिसाच्या वेळी दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलं गेलं, आणि मग तो पोरगा व्यासपीठावर चढताना धडपडला, तर पोटात जसं होतं, तसं काहीतरी होतं. मेलं आपलं मन, तिला वाटलं, आणि तिनं पायाखालचं मशीन पुन्हा चालू केलं.

गेल्याच आठवड्यात ती रुग्णालयात जाऊन आली होती. कुणाला न सांगता, बटणं आणायला जाते असं सांगून. तिथल्या समुपदेशक बाई वयानं लहान होत्या, नखं खाणाऱ्या होत्या, आणि त्यांनी तिला समोर बसवून हसून सांगितलं, "तुमच्यात तो बदल नाही." बहुतेकांना म्हातारपणी जो विसरण्याचा आजार होतो त्याला असं एकच कारण नसतं, वय असतं, बाकीच्या दहा गोष्टी असतात. पण काही मोजक्या घरांत एका जनुकातला एक बारीक बदल पिढ्यान् पिढ्या उतरत येतो, आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला आजार गाठतोच, तोही पन्नाशीच्या आतबाहेर. आईचे वडील, आईचा भाऊ, आई. हे सगळं थोरलीला पाठ होतं. आईकडून मुलाकडं यायची शक्यता निम्मी, हेही पाठ होतं. तरी बाई ते पुन्हा समजावत होत्या आणि थोरली त्यांच्या कुरतडलेल्या नखांकडं बघत होती. "म्हणजे बहिणीत आहे," ती एकदम म्हणाली. बाईंनी मान हलवली. "असं नसतं हो. प्रत्येकाचं वेगळं. दोघींत असू शकतो, दोघींत नसूही शकतो. तुमच्यात नाही म्हणून तिच्यात आहे, असा हिशेब इथं चालत नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला आनंद नाही झाला?" थोरली म्हणाली, "पुन्हा एकदा तपासता येईल का?"

झाला नव्हता आनंद. तिथून बाहेर पडून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली तेव्हा तिला आपल्याला कुणीतरी भर बाजारात नागवलं आहे असं वाटत होतं. कारण तिचा चेहरा. आईचं नाक, आईची जिवणी, हनुवटीवरचा तीळसुद्धा आईच्याच जागी. दोरा दातांनी तोडायची लकब आईची, चिडली की खालचा ओठ आत ओढायची सवय आईची. घरात येणारा जाणारा दारातच म्हणायचा, "ही म्हणजे अगदी आईच." धाकटी बापावर गेलेली; सपाट पायांची, मोठ्यानं हसणारी, जेवता जेवता बोलणारी. मामाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की हे रक्तातून येतं आणि निम्मी शक्यता असते, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आपापल्या मनात तो हिशेब मांडला. मुली दोन. निम्मी म्हणजे एक. एक म्हणजे कोण, हे विचारायला कुणी डॉक्टरकडं गेलं नाही. आरसा घरात होताच. बाबा तर त्या दिवसापासून थोरलीशी इतकं हळू बोलायला लागले की तिला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं. आणि आई, शेवटी शेवटी, तिच्याकडं टक लावून बघायची आणि विचारायची, "तू मी आहेस का गं?" थोरली तिचा हात धरून "हो, मीच तू," म्हणायची. तिला ते खोटं वाटत नसे. आईला न्हाऊ घालताना, तिचे केस विंचरताना, तिनं लपवलेला चष्मा पिठाच्या डब्यातून शोधून काढताना ती मनाशी सगळं टिपून घ्यायची, पुढं आपल्याला लागेल म्हणून. लागलंच नाही. एवढा अभ्यास करावा आणि परीक्षाच रद्द व्हावी.

त्या चष्म्यांपायीच तर तो तिच्या आयुष्यात आला. आई चष्मा हरवायची, किंवा मोडायची, किंवा कुणाच्या तरी पिशवीत टाकून द्यायची, आणि थोरली नवा करायला त्याच्या दुकानात जायची. कोपऱ्यावरचं एवढंसं दुकान, आत तो, उंच, जरा पोक काढून बसलेला, बोटं लांबसडक. तिसऱ्या चौथ्या खेपेला तो म्हणाला, "तुमच्या घरी चष्मे खातात का?" आणि ती किती महिन्यांनी मनापासून हसली होती. मग तो आईसाठी दोन चष्मे एकदमच करून ठेवायला लागला. मग एक दिवस काडीचा स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता, त्यानं तिला लग्नाचं विचारलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोरली म्हणाली, "मला संसारात रस नाही." का म्हणाली तसं? खरं कारण सांगायला लाज वाटली म्हणून. पंधरा वर्षांनी, वीस वर्षांनी हा माणूस आपल्यालाही असाच चष्मा शोधून देत बसेल, मुलं झाली तर ती आपल्या चेहऱ्याकडं बघून हिशेब करतील, हे तिला त्याच्यावर लादायचं नव्हतं. आणि तिनं नुसतं नाही म्हणून सोडलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. नाही. मोठेपणाची हौस ना! तिनं पुढच्या खेपेला चष्मा आणायला धाकटीला पाठवलं. त्याच्या पुढच्याही खेपेला. "ती फार छान आहे," असं स्वतःच्या तोंडानं त्याला सांगितलं. वर्षाच्या आत लग्न. लग्नाचे कपडे थोरलीनं बेतले, थोरलीनं शिवले, आणि कमरेत घ्यायच्या टाचण्या तोंडात धरून ती धाकटीभोवती गुडघ्यांवर फिरत होती तेव्हा धाकटी वरून म्हणाली, "ताई, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?" तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

तेव्हापासून तो तिला ताई म्हणतो. नात्यानं बरोबरच आहे. बायकोची थोरली बहीण, दुसरं काय म्हणणार? पण त्या एका शब्दानं वर्षानुवर्षं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत ती एकटी राहते, आणि दर सुट्टीला त्यांच्या घरी जेवायला जाते. दारात चपला काढताना तिला नेहमी आधी त्याचे बूट दिसतात. मग भाचीचे, वर्षागणिक मोठे होत गेलेले. मग धाकटीच्या कशाही फेकलेल्या चपला. हे सगळं आपण हिला दिलं, असं तिच्या मनात यायचं, आणि पाठोपाठ, बिचारी, हिला काय ठाऊक, असंही यायचं, आणि त्या बिचारीच्या आधारावर तिचं कसंबसं निभावत होतं. आपलं मरण मोठं, आपला त्याग मोठा. हिचं आपलं साधंसुधं सुख. असू दे हिला. पण ही सगळी वजाबाकी आपण मरणार या एका आकड्यावर उभी होती. तो आकडाच गेल्या आठवड्यात कुणीतरी पुसून टाकला. आता तिच्याकडं ना आईचा आजार, ना नवरा, ना मूल. नुसतं भरपूर आयुष्य, आणि त्याचं करायचं काय हे तिला कुणी शिकवलेलं नाही. धाकटी मात्र काहीही न सोडता, काहीही न घाबरता, ताटात पडेल ते पोटभर खात आली. हिला काही होत नाही! का होऊ नये? बाईंनी सांगितलं होतं, हिशेब असा चालत नाही. थोरलीनं मान डोलावली होती. पण आठवडाभर ती धाकटीकडं डोळ्यांत तेल घालून बघत होती.

धाकटीनं दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवल्या, त्यांना खडूनं खूण केली आणि बाजूला सारल्या. ओळखलं नाही. ती गुणगुणत पाठीचा भाग कापायला लागली. मग दुपारभर थोरलीनं धाकटीची जणू तोंडी परीक्षा घेतली. पोस्टातली बाई माप द्यायला आली तर धाकटीनं तिच्या मुलाचं, सुनेचं, पाडून घेतलेल्या दाताचंसुद्धा विचारलं. एक गोष्ट विसरली नाही. थोरली हिरमुसली, आणि आपण हिरमुसलो हे कळून तिला स्वतःची शिसारी आली. मग धाकटी टाचण्यांची डबी शोधायला लागली, आणि डबी तिच्या समोरच होती. धाकटीनं डबी उचलली. "समोरच आहे बघ, आंधळी झालेय मी," असं हसून म्हणाली. आंधळं तर माणूस असंही होतं. किती वेळा थोरली स्वतः झाली होती, आणि प्रत्येक वेळी जिन्यात बसून रडली होती, कारण तिला वाटायचं, आलं. एवढी वर्षं ती जिन्यात बसून रडली, आणि ते सगळं रडणं फुकट गेलं.

तिसऱ्या प्रहरी तो आला. त्याचं दुकान फार लांब नाही. मधूनच येतो, धाकटीला काहीतरी देऊन जातो. आज त्यानं घराच्या किल्ल्या आणल्या होत्या. "दारालाच होत्या," तो म्हणाला. धाकटी म्हणाली, "अय्या, हो?" तो म्हणाला, "आणि गॅस मी बघितला, बंद होता." "मी केला होता की बंद." "हो, म्हणून तर म्हटलं, बंद होता." असलं त्यांचं बोलणं. थोरलीला हे असलं नवराबायकोचं पुळचट बोलणं ऐकलं की मशीन जोरात चालवावंसं वाटे. जाता जाता त्यानं तिच्या मशीनवर ठेवलेला तिचा चष्मा उचलला, खिशातून तो एवढासा स्क्रू-ड्रायव्हर काढला, काडी पिळून घट्ट केली आणि ठेवून दिला. "सैल झाली होती, ताई." कानाच्या पाळ्या आता लाल होत नाहीत. केस पिकलेत. दारातून बाहेर पडताना तो क्षणभर मागं वळून धाकटीच्या हातांकडं बघत उभा राहिला. इतकी वर्षं झाली तरी याची बायकोवरून नजर हटत नाही, थोरलीला वाटलं, आणि तिच्या हातून सुई मोडली.

उन्हं खिडकीतून टेबलाच्या कडेवर आली तेव्हा धाकटीनं बाह्या जोडायला घेतल्या. उजवी लागली. दुसरी तिनं डाव्या मुंढ्याशी धरली, टाचणी घातली, काढली. पुन्हा धरली. चौकटी जुळेनात. ती बाही तिनं फिरवली, आतली बाजू बाहेर करून बघितली, पुन्हा सुलटी केली. थोरली बघत होती. आता ही म्हणेल की गिऱ्हाइकाचा हात वाकडा आहे. धाकटीनं बाही टेबलावर अंथरली आणि दोन्ही तळवे तिच्यावर दाबून धरले. तिच्या मोठ्या, हसऱ्या तोंडावर हसू नसलं की काय दिसतं हे थोरलीनं कधी पाहिलंच नव्हतं. मग तिनं ती बाही घडी करून टेबलाखालच्या चिंध्यांच्या खोक्यात तळाशी सारली. सारताना आतलं राखाडी कापड थोडं वर आलं. राखाडी कोट मागच्या महिन्यातला. त्याचंही कापड पुन्हा मागवावं लागलं होतं. धाकटी म्हणाली होती, कसरीनं खाल्लं. म्हणजे आधीही. म्हणजे ही लपवतेय. थोरलीचा जीव क्षणभर भांड्यात पडला, हो, अगदी तसाच, सुटल्यासारखा. हिलाच आहे. आपलं सगळं गेलं ते काही अगदीच कारणाशिवाय गेलं नाही. आणि तो क्षण सरला तशी ती मशीनवरून उठली.

"ताई," धाकटी म्हणाली. खोक्याकडंच बघत होती. "तू सकाळी पाहिलं होतंस ना?"

"काय?"

"कागद. तू न बघता हो म्हणत नाहीस कधी. तू पाहिलंस आणि हो म्हणालीस."

थोरलीला काहीतरी रचून सांगता आलं असतं. लक्ष नव्हतं, उजेड कमी होता. ती म्हणाली, "मी तपासणी करून आले. माझ्यात नाहीये."

तिला वाटलं होतं की धाकटी पांढरीफटक पडेल. धाकटी टेबलाला वळसा घालून धावत आली आणि तिनं थोरलीला घट्ट मिठी मारली. "खरं? अगं बाई! खरं सांगतेस? नक्की सांगितलं त्यांनी?" ती रडत होती, हसत होती, थोरलीच्या पाठीवर थापा मारत होती. "मला मेलीला किती वर्षं धाकधूक होती. वाटायचं, दोघींत असलं तर? तर मग कोण बघणार सगळं?"

दोघींत. थोरलीनं तिला दूर केलं. "दोघींत म्हणजे?"

"माझ्यात आहे ना," धाकटी म्हणाली. नाक पुसत, अगदी साधेपणानं, दूध नासलंय असं सांगावं तशी. "लग्नाआधीच बघून घेतलं मी. तुम्ही सगळे माझ्याकडं बघून निर्धास्त असायचात ना, त्याचीच भीती वाटायला लागली होती. डॉक्टरांना विचारलं, चेहऱ्यावरून कळतं का? ते हसले. म्हणाले, नाक एका वाटेनं येतं, हे दुसऱ्या वाटेनं."

"आणि त्याला?"

"त्याला सांगितलं की. न सांगता कशी करू लग्न?"

थोरलीला तो प्रश्न विचारायचा नव्हता. तिचं तोंड आपोआप उघडलं. "काय म्हणाला तो?"

बहुतेक धाकटीलाही ते सांगायचं नव्हतं. "म्हणाला, एवढंच? मला वाटलं, तूही नाही म्हणतेस."

रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी फळी ओढत चाललं होतं, त्याचा आवाज खोलीतून आरपार गेला. एवढंच. थोरलीनं तो शब्द त्याच्या आवाजात ऐकला, मान खाली घालून, स्क्रू पिळता पिळता म्हटल्यासारखा. तिलाही तो तेच म्हणाला असता. तिनं फक्त खरं सांगायला हवं होतं. इतकी वर्षं ती धाकटीच्या नशिबावर जळत होती, आणि नशीब दोघींचं जवळपास सारखंच होतं. उलट धाकटीचं वाईट होतं. धाकटीनं तोंड उघडलं होतं, एवढाच काय तो फरक. यापेक्षा आजार आला असता तर परवडला असता. आता हेवा कशाचा करायचा? तिच्याकडं जे धैर्य होतं त्याचा? तो तर फार जास्त दुखतो.

"मला का नाही सांगितलंस?" ती ओरडलीच. "मी तुला हातानं उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवलं. मला सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू परत मागशील म्हणून." धाकटीनं मान वर केली. "घरात सगळे म्हणायचे ना, दोघींतली एक. माझ्यात आहे म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, आपण सुटलो. तसं नसतं, मला माहीत होतं. पण तुला तसंच वाटलं असतं. आणि तू त्याच्याकडं गेली असतीस. आणि ताई, तुझ्याकडं बघितल्यावर त्यानं माझ्याकडं कशाला बघितलं असतं? मला माहितीये मी दुसरी आहे. चष्मे आणायला पाठवलेली."

थोरलीला हे सुख हवं होतं का? कितीतरी वर्षं हवं होतं, हेच वाक्य, याच तोंडून. आता मिळालं तर घशाखाली उतरेना. ती फटकन म्हणाली, "आणि एवढं माहीत असून पोरीला जन्म दिलास? तिला निम्मी शक्यता, हे ठाऊक असून?"

"आईला ठाऊक असतं तर तिनं आपल्याला द्यायला नको होता का?" धाकटी शांतपणे म्हणाली. "तुझ्यात तर निघालंच नाही. तूही नसतीस. मोठी झाली की सांगेन तिला. तोवर मला आठवत असलं तर. नाहीतर तू सांग. तपासायचं की नाही ते तिचं ती ठरवेल." मग तिनं स्टूल ओढलं आणि बसली, आणि बसताना पहिल्यांदाच आईसारखी दिसली, चेहऱ्यानं नाही, हात मांडीवर टाकायच्या पद्धतीनं. "तेच तर बोलायचं होतं. कसं काढू विषय, कळत नव्हतं. मागच्या महिन्यापासून दोनदा झालंय हे. गॅसचं होतंय. तो माझ्यामागं सगळं बघत फिरतो, मला कळू न देता. दमेल तो. पोरगी अजून शाळेत आहे. नंतर... तू येशील का गं घरी? कायमची? नर्सबिर्स नको मला. तूच ये."

खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून धाकटीच्या गुडघ्यांवर आलं होतं. थोरलीला दारातले बूट दिसले, त्याचे, भाचीचे. त्यांच्या शेजारी आपल्या चपला, रात्रीही तिथंच. तिला वाटलं, आपल्याला वेड लागेल. "मला नको विचारूस," ती म्हणाली. "माझं मन चांगलं नाही. मला तुझा हेवा वाटतो. लग्न झालं त्या दिवसापासून वाटतो. तो मला ताई म्हणतो तेव्हा वाटतो. आज सकाळी तुझी चूक दिसली तर मला बरं वाटलं. कळतंय तुला? बरं वाटलं. म्हणून हो म्हणाले."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"सगळंच. तू जेवायला येतेस तेव्हा पडद्यांना हात लावून बघतेस. त्याला वाढताना तू ताटाकडंच बघतेस. पोरीचे कपडे शिवतेस ते मी सांगितलेल्या मापापेक्षा तुझ्या अंदाजानं, आणि तुझाच अंदाज बरोबर निघतो." धाकटीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "म्हणूनच तर तुला विचारतेय ना. ज्या बाईला हे घर नकोय तिच्या हातात मी माझी पोरगी देईन होय? तुझ्याइतकं कुणाला हवंय ते?"

इथंही धाकटीच पुढं. मागून घ्यायला आलेल्या माणसाला घरच उघडं करून द्यावं आणि वर पाणी विचारावं, तसं. थोरलीला तिला मारावंसं वाटलं, कुशीत घ्यावंसं वाटलं, आणि या दोन्हींच्या आतून, लाजलज्जा सोडून, एक तिसरीच गोष्ट वर आली. ती दाबायचा तिनं प्रयत्न केला. इतकी वर्षं दाबण्यात ती तरबेज होती. आज जमलं नाही.

"कधी येऊ?" तिनं विचारलं.

फार लवकर विचारलं. शब्द बाहेर पडताच तिला ते कळलं, आणि धाकटीच्या चेहऱ्यावरही तिला ते दिसलं. धाकटीनं मांडीवरचे हात उचलले, पोटाशी घट्ट धरले, आणि लहानपणी थोरलीनं खेळणं मागितलं की मागं सरकायची तशी ती स्टुलावर जराशी मागं सरकली.

"इतक्यात नको गं," ती म्हणाली. "थोडे दिवस अजून माझं असू दे."